छातीत धडधड, ईसीजी नॉर्मल, आणि चिठ्ठीवर दोन औषधांची एकच गोळी. नीट कशी घ्यायची?

बालाघाटवाली
नमस्कार मंडळी. केज तालुक्यातून लिहितेय. आमच्या यांना (वय ४१) दिवाळीपासून अचानक छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, "आता माझं काय खरं नाही" म्हणत उठून बसतात. रात्रीची गाडी करून अंबाजोगाईला नेलं. ईसीजी, टू-डी इको, साखर, थायरॉईड, सगळं नॉर्मल. मग फिजिशियननी मानसोपचारवाल्या डॉक्टरांकडं पाठवलं. त्यांनी पॅनिक डिसऑर्डर (अचानक भीतीचे झटके येण्याचा आजार) सांगितलं आणि रात्री जेवणानंतर एक गोळी दिली. पाकिटावर एस्सिटॅलोप्राम १० आणि क्लोनाझेपाम ०.५ असं दोन्ही एकाच गोळीत लिहिलंय. पंधरा दिवसांनी परत बोलावलंय.

गोळी सुरू आहे, झोप लागतेय. पण घरात तीन मतं. सासूबाई म्हणतात ही येड्याची गोळी, एकदा लागली की सुटत नाही. दीर म्हणतात कितीबी दिवस घे, काही होत नाही, त्यांचा मित्र कैक वर्षं घेतोय. आणि यांचं म्हणणं, बरं वाटलं की बंद. त्यात शेताला लाइट कधी दिवसा कधी रात्री, रात्रीची असली की मोटार चालू करायला जावंच लागतं. ओपीडीत एवढी गर्दी की मी तोंड उघडेपर्यंत पुढचा पेशंट आत. कुणी नीट समजावून सांगेल का?

परभणीचा_पाहुणा
ताई, कामून एवढं टेन्शन घेता? माझा मेव्हणा असाच करायचा. त्याला अल्प्राझोलम दिली होती, पाच मिनिटांत गार. अर्धी पट्टी अजून घरी पडलीय. यांना लैच झालं तर तसली एखादी वरून देऊन बघा.

धागा_राखणदार
परभणीकर, हेतू चांगला आहे, पण इथं कुणी कुणाला गोळी सुचवायची नाही, डोसही सांगायचा नाही. अनुभव सांगा, माहिती सांगा. क्लोनाझेपाम चालू असताना वरून अल्प्राझोलम म्हणजे एकाच जातीची दोन औषधं एकावर एक. तुमचा प्रतिसाद काढत नाही, कारण असा सल्ला घरोघरी मिळतो आणि त्याचं उत्तर इथं राहिलेलं बरं.

सीताफळ_आणि_स्टेथो
मानसोपचाराची प्रॅक्टिस करतो, मराठवाड्यातच. ताईंच्या पेशंटला मी पाहिलेलं नाही, म्हणून डोसबद्दल बोलणार नाही. पण त्यांच्या घरातली तिन्ही मतं मी रोज ऐकतो, आणि तिन्ही अर्धी अर्धी खरी आहेत. कारण त्या एका गोळीत दोन अगदी वेगळ्या स्वभावाची औषधं बसलीत आणि घरातला प्रत्येकजण वेगवेगळ्या औषधाबद्दल बोलतोय.

क्लोनाझेपाम हे बेंझोडायझेपाइन. अल्प्राझोलम, लोराझेपाम, डायझेपाम ही त्याची भावंडं. मेंदूत गाबा नावाचं रसायन चेतापेशींना शांत करतं, ही औषधं त्याचा जोर वाढवतात. तास-दोन तासांत फरक कळतो. आणि अडचणही हीच आहे. रोज घेत राहिलं की शरीराला सवय होते, काही जणांना महिन्याभरातच. सासूबाईंची भीती या औषधापुरती खरी.

एस्सिटॅलोप्राम मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करतं. त्याचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, पूर्ण दिसायला सहा-आठ आठवडे जातात. सुरुवातीला मळमळ, डोकं जड, कधी कधी अस्वस्थता उलट थोडी वाढते. याची तलफ लागत नाही. पॅनिकचा खरा उपचार हा. बरं वाटायला लागल्यानंतरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात, नाहीतर आजार परत डोकं वर काढतो. म्हणजे "बरं वाटलं की बंद" इथं चुकतं.

आपल्याकडं समजेल असं सांगतो: विहिरीला पाणी लागेपर्यंत गावात टँकर येतो. एस्सिटॅलोप्राम विहीर, क्लोनाझेपाम टँकर. पहिले काही आठवडे टँकर लागतो, त्यात वाईट काही नाही. पण विहिरीला पाणी लागल्यावरही टँकर चालूच राहिला, तर कुणीतरी विचारायला हवं की हा बंद कधी होणार?

ताई, पुढच्या भेटीत दुसरं काही विचारायला जमलं नाही तरी हे एक विचारा: "यातलं क्लोनाझेपाम किती आठवडे, आणि कमी कसं करायचं?" उत्तर केसपेपरवर लिहून मागा. डॉक्टरला याचा राग येत नाही. आला तर येऊ द्या.

जोडगोळीबद्दल. घ्यायला सोपी, विसरायला होत नाही, म्हणून आपल्याकडं भरपूर लिहिली जाते. पण दोन्ही एकाच गोळीत असली की एक कमी करून दुसरं चालू ठेवता येत नाही. आणि पेशंटनं कंटाळून पट्टी फेकली की दोन्ही एकदम थांबतात. म्हणून "दोन्ही वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून द्याल का?" हा दुसरा प्रश्न.

बालाघाटवाली
डॉक्टर, लै उपकार. टँकरचं यांना वाचून दाखवलं, पहिल्यांदाच हसले. रात्रीच्या मोटारीचं काय करायचं?

सीताफळ_आणि_स्टेथो
गोळी घेऊन विहिरीवर जायचं नाही. निदान पहिले काही आठवडे ते काम दिरांकडं द्या. अगदीच जावं लागलं तर परत आल्यावर गोळी, पण वेळ बदलायची का हे तुमच्या डॉक्टरांना विचारून. क्लोनाझेपाम शरीरातून निम्मं कमी व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. म्हणजे सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं तरी औषध अंगात आहेच. मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणी यंत्र, कडबा कुट्टी यांपासून, आपल्याला किती सुस्ती येते ते कळेपर्यंत लांब. कडबा कुट्टीत हात गेलेला एक पेशंट माझ्याकडं नंतर आला होता, त्याला फक्त "झोपेची साधी गोळी" चालू होती.

दारूचं कुणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगतो. अजिबात नाही. "जेवणाआधी थोडी आणि गोळी नंतर" हेही नाही. दोन्ही मिळून श्वास मंदावतो, आणि झोपेत मंदावलेला श्वास घरच्यांना घोरण्यासारखा वाटतो. हाच धोका ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामकांचा आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधाचा. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बेंझोडायझेपाइन आणि अफूवर्गीय औषधं (ट्रामाडॉल, कोडीन त्यातलीच) एकत्र घेण्याबद्दल २०१६ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २०२० मध्ये अवलंबित्व आणि अचानक बंद करण्याबद्दलही लावला. ट्रामाडॉलचं एस्सिटॅलोप्रामशीही जमत नाही, फिट येऊ शकते. कंबर धरली म्हणून गावातल्या दवाखान्यात गेलात तर आधी चालू गोळी दाखवा.

औंढ्याचं_मेडिकल
काउंटरच्या पलीकडून दोन शब्द. माझं दुकान हिंगोली जिल्ह्यात. लोकांना वाटतं मेडिकलवाला चिठ्ठी मागतो म्हणजे भाव खातो. तसं नाही. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत अशा औषधांच्या कडक यादीत आहेत. २०१३ ला अधिसूचना निघाली, १ मार्च २०१४ पासून लागू. विकताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि नग वेगळ्या रजिस्टरला लिहायचे, ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. पाकिटावर लाल चौकट असते, ती बघत जा. क्लोनाझेपामसुद्धा चिठ्ठीशिवाय देता येत नाही, ते १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या यादीत आहे. मागच्या वर्षीची चिठ्ठी दाखवून "तेच द्या" म्हणणारे दिवसाला निदान एक तरी येतात.

आता खरी गडबड कुठं होते ते सांगतो. आकड्यात. ०.२५ आणि ०.५. लोक वाचतात "पॉइंट पंचवीस" आणि "पॉइंट पाच", आणि पंचवीस मोठे म्हणून पॉइंट पंचवीसला जास्त पॉवरची समजतात. उलटं आहे. पॉइंट पाच म्हणजे पॉइंट पंचवीसच्या दुप्पट. एक काका पॉइंट पाचची गोळी "हलकी" समजून दोन घेत होते. चिठ्ठीवर ०.२५ आणि पट्टीवर ०.५ दिसलं तर घेण्याआधी काउंटरवरच विचारा.

दुसरं, पट्टी कापताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा शेवटपर्यंत राहू द्या. कंपनी बदलली तर घाबरू नका, पण आतलं औषध आणि मिलिग्रॅम तेच आहे का ते जुळवून घ्या.

सीताफळ_आणि_स्टेथो
मेडिकलवाल्यांना एक पुरवणी. वेगवेगळ्या औषधांचे मिलिग्रॅम एकमेकांशी तोलायचेच नाहीत. अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलमचा परिणाम साधारण १० मिलिग्रॅम डायझेपामच्या जवळ जातो. "ही अर्ध्याचीच आहे, ती दहाची होती" असं म्हणून लोक निर्धास्त होतात.

विष्णुपुरी_कट्टा
नांदेडहून. मी या रस्त्यानं जाऊन आलोय म्हणून लिहितो. कामानिमित्त दुसऱ्या शहरात होतो, झोप येईना, तिथल्या एका जनरल डॉक्टरनं अल्प्राझोलम दिली. किती दिवस, कुणी सांगितलं नाही. मी विचारायला गेलो की चिठ्ठी रिपीट. पुढं बदली झाली, नवीन गावात ते औषध मिळेना, एकदम बंद पडलं. दुसऱ्या दिवशी हात थरथर, घाम, कानात आवाज, रात्रभर डोळा नाही. घरच्यांना वाटलं जुना आजार वाढला. मलाही तेच वाटलं. आणि पट्टी मिळाल्यावर अर्ध्या तासात सगळं थांबलं, मग तर खात्रीच पटली की या गोळीशिवाय आपलं काही खरं नाही.

नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा आजार नव्हे, औषध तुटल्याचा त्रास. त्यांनी अल्प्राझोलम बदलून जास्त वेळ अंगात राहणारं औषध दिलं आणि ते थोडं थोडं उतरवलं. सुरुवातीचं पटापट उतरलं. शेवटचा चतकोर तुकडा सोडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. मधे एकदा घरात मयत झाली तेव्हा डॉक्टरांनी उतरवणं थांबवून आहे तिथंच ठेवलं, महिन्यानं परत सुरू केलं. हे असं थांबता येतं हे मला माहीतच नव्हतं.

सीताफळ_आणि_स्टेथो
कट्ट्यांनी लिहिलंय ते नेमकं आहे. अल्प्राझोलम लवकर उतरतं, म्हणून तुटल्याचा त्रासही लवकर आणि जोरात. रोज बरेच दिवस घेणाऱ्यानं एकदम बंद केलं तर फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. म्हणून हा धागा वाचून कुणी आज रात्री पट्टी कचऱ्यात टाकू नये! कमी करायचा वेग माणसागणिक वेगळा. बरेच तज्ज्ञ दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के असं उतरवतात. किती वर्षं घेतलं, वय काय, बाकी आजार काय, यावर ते ठरतं.

आणि सवय म्हणजे व्यसन नव्हे. सांगितलेल्या डोसात घेणाऱ्यालाही सवय होते, त्यात त्या माणसाचा दोष नसतो. हे मी सासवांना आवर्जून सांगतो.

सोयाबीनची_गंजी
सगळं वाचलं. हुशार लोक हायेत इथं. पण मला एक सांगा, सप्टेंबर २०२५ च्या पुरात माझी तीन एकर जमीन मातीसकट खरडून गेली. बँकेचा माणूस दारात. छातीत धडधडणार नाही तर काय होणार? गोळीनं कर्ज फिटतं का? ज्याला कारण आहे त्याला गोळ्या देऊन गप बसवायचा हा धंदा वाटतो मला.

सीताफळ_आणि_स्टेथो
गंजी भाऊ, नाही फिटत. आणि तुमच्या रागातलं अर्धं मला मान्य आहे. माणूस कर्जाचं बोलायला लागला की त्याला झोपेची गोळी लिहून मोकळं होणं सोपं असतं, मी तसं झालेलं पाहिलंय. काळजीला कारण असणं आणि काळजीचा आजार होणं यांतली रेघ मी एवढीच धरतो: तुम्ही बँकेत जाऊन बोलू शकता का? पंचनाम्याचा कागद हातात घेऊन तलाठ्यासमोर उभं राहता येतं का? येत असेल तर गोळी नको, माणसं हवीत. आठवडाभर अंथरुणातून उठवत नसेल, जेवण जात नसेल, नको ते विचार येत असतील, तर उपचार हवा. त्यात गोळी हा एक भाग, बोलणं दुसरा. पॅनिकसाठी विचार आणि वागण्यावर काम करणारी सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा उपयोग औषधाच्या तोडीस तोड होतो. आपल्याकडं ती मिळायला अवघड आहे, हे खरं दुखणं.

टेलिमानस १४४१६ हा मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फोन ऑक्टोबर २०२२ पासून आहे, मराठीत बोलतात, पैसे नाहीत, रात्रीही लागतो. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजं वेगळ्या खात्याची, तिथं केसपेपरला थोडे पैसे पडतात.

तुम्हाला स्वतःला नको ते विचार येतायत का? येत असतील तर इथं लिहू नका, आत्ता फोन लावा. मला व्यक्तिगत निरोप पाठवलात तरी चालेल. आणि ज्या घरात असं कुणी आहे तिथं गोळ्यांचा साठा आणि फवारणीचं औषध दोन्ही कुलपात, किल्ली दुसऱ्याकडं.

सोयाबीनची_गंजी
तसं नाही डॉक्टर, चिडून लिहिलं. निरोप पाठवतो.

कल्याणमस्तु
अश्वगंधा का नाही घेत? आपल्या मातीतलं, दुष्परिणाम शून्य.

औंढ्याचं_मेडिकल
शून्य नाही हो. अश्वगंधेनंही काहींना गुंगी येते, क्लोनाझेपामवर वरून घेतली तर दोन्हींची बेरीज होते. यकृताला त्रास झाल्याचंही नोंदलेलं आहे. घ्यायचीच असेल तर डॉक्टरला सांगून. सर्दीच्या गोळ्यांचंही तेच, सेटिरिझिन, क्लोरफेनिरामिन यांनी सुस्ती वाढते.

सीताफळ_आणि_स्टेथो
मेडिकलवाल्यांनी विषय काढलाच आहे तर एक महत्त्वाचं: गजकर्ण! सध्या प्रत्येक घरात कुणीतरी गजकर्णासाठी इट्राकोनाझोल घेतंय. ते आणि केटोकोनाझोल यकृतात अल्प्राझोलमचा निचरा अडवतात, मग नेहमीचीच गोळी दुपटी-तिपटीनं चढते. अल्प्राझोलमसोबत ही दोन्ही चालतच नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकनंही तसंच होतं. उलट टीबीच्या रिफॅम्पिसिननं असर कमी होतो आणि पेशंट स्वतःच डोस वाढवतो. त्वचेच्या डॉक्टरला मनाची गोळी सांगायला लोक लाजतात, तिथं हे अडकतं.

किल्लारीकडचा
म्हाताऱ्यांबद्दल लिहा कुणीतरी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर आमच्या पत्र्याच्या शेडांत कुणालाच झोप नव्हती. आजीला तेव्हा डायझेपाम मिळाली, ती शेडातून पक्क्या घरात आलो तरी चालूच. रात्री लघवीला उठली, तोल गेला, खुबा मोडला. सगळे म्हणाले वय झालं.

सीताफळ_आणि_स्टेथो
साठीच्या पुढं ही औषधं शरीरात जास्त रेंगाळतात. पडणं, विसरभोळेपणा, भ्रम. मी शक्यतो सुरूच करत नाही. आधीपासून चालू असेल तर अगदी सावकाश उतरवतो. दम्याचे, झोपेत श्वास अडकणारे पेशंट आणि गरोदर बायका यांनी तर डॉक्टरला आधी सांगायलाच हवं.

लातूरची_मेसवाली
डॉक्टरसाहेब, माझ्या मेसला नीटची पोरं जेवतात. परीक्षेच्या आदल्या दिवशी एकमेकांना प्रोप्रानोलॉल वाटतात, म्हणे हात थरथरत नाही. पोरं म्हणतात ही झोपेची नाही, मग काय होतंय?

सीताफळ_आणि_स्टेथो
काकू, ती बीपी-हृदयाची गोळी. धडधड आणि थरथर कमी करते, झोपेची नाही हे खरं. पण ज्याला दमा आहे त्याचा श्वास कोंडू शकतो, आणि इन्सुलिन घेणाऱ्याची साखर उतरल्याची खूण म्हणून जी धडधड होते ती झाकली जाते. वाटणाऱ्या पोराला समोरच्याचा दम्याचा पंप माहीत असतो का? काही कंपन्यांच्या गोळ्यांत तिच्यासोबत एटिझोलाम असतं, ते झोपेच्याच जातीचं. पेपरला बसलेलं पोर पेंगेल. मेसच्या फळ्यावर १४४१६ लिहून ठेवा. या वयाच्या पोरांना एस्सिटॅलोप्रामसारखं औषध सुरू झालं असेल तर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवायचं, पंचविशीच्या आत क्वचित मरणाचे विचार वाढतात असा इशारा त्या औषधावर असतो.

बालाघाटवाली
जाऊन आलो. कागदावर प्रश्न लिहून नेले, डॉक्टरांनी कागदच हातात घेतला आणि एकेक उत्तर त्यावरच लिहिलं. गोळ्या वेगळ्या करून दिल्या. क्लोनाझेपाम अर्धं केलंय, पुढच्या भेटीत आणखी कमी, आणि धडधड परत आली तरी स्वतःच्या मनानं वाढवायचं नाही. एस्सिटॅलोप्राम पुढच्या दिवाळीपर्यंत तरी. तंबाखू आणि दिवसभराचा चहा कमी करायला सांगितलंय, त्यावर मात्र हे गप्प आहेत.

एक राहिलंच. पुढच्या नवरात्रात यांचा नऊ दिवसांचा उपवास असतो आणि कोजागिरीला पायी तुळजापूर. उपवासाला गोळी चालते का?

जालन्याचा_भाईजान
यही सवाल मेरा. म्हणजे माझाही. रोज्यात अम्मीची गोळी कशी?

सीताफळ_आणि_स्टेथो
दोघांना एकच उत्तर: उपवासात औषध सुटता कामा नये. एकवेळची गोळी फराळानंतर किंवा इफ्तारनंतर बसते, एस्सिटॅलोप्रामला भरपेट जेवण लागतंच असं नाही. दोन वेळची असेल तर रमजान सुरू होण्याआधी डॉक्टरला भेटून वेळा लावून घ्या. एखाद्या रात्री विसरलं तर दुसऱ्या रात्री दोन घ्यायच्या नाहीत. अम्मींचं वय आणि औषधाचं नाव कळलं तर बरं, क्लोनाझेपाम असेल तर पहाटे सहरीला उठताना दिवा लावूनच उठवा.

औंढ्याचं_मेडिकल
पायी जाणाऱ्यांसाठी: गोळ्या मूळ पट्टीतच न्या, सुट्या पुडीत नको. चिठ्ठीची झेरॉक्स खिशात आणि फोटो मोबाईलमध्ये. कोजागिरीच्या गर्दीत वाटेवरचा मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय देणार नाही, आणि देऊही नये. निघायच्या चार दिवस आधी आपल्या नेहमीच्या दुकानातून पुरेल एवढीच घ्या. परभणीकर, मेव्हण्याची ती अर्धी पट्टी मेडिकलवर आणून द्या किंवा गोळ्या मातीत कालवून, पिशवीत बांधून टाका. पट्टीवरची तारीख बघितलीत का?

परभणीचा_पाहुणा
बघितली. मागच्याच साली संपलीय.